हद्दीची रेघ कुणाच्या मालकीची?

ब्रिटनमध्ये वारसानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला एखाद्या रोमन वसाहतीची हद्द आखायची असली, की आधी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा नकाशा पुढ्यात घ्यावा लागतो. त्यावरचे कुंपण, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड धरून हद्द ओढली जाते. घोडे पेंड खाते ते इथेच. पुरातत्त्वज्ञ सरकारी, नकाशाही सरकारी. पण रेघ त्या नकाशावरून गिरवलेली, म्हणून तिच्यावर नकाशा करणाऱ्याचाही हक्क. कार्यालयात खुशाल वापरा, लोकांना फाइल देताना मात्र परवाना पाहा!

गंमत म्हणजे १९२० मध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना पुरातत्त्व अधिकारी नेमून जुन्या गढ्या-थडग्यांच्या नोंदी नेटाने जमवायला लागली, ती हीच संस्था.

करदात्याच्या पैशाने झालेली माहिती करदात्याला खुली करा, अशी मोहीम ‘गार्डियन’ वृत्तपत्राने २००६ मध्ये उघडली. २०१० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचे काही नकाशे खुले झाले. बारीक तपशिलाचे मात्र परवान्यातच राहिले. तिथल्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये आपली लायडार मोजणी खुली केली. विमानातून लेझर सोडून केलेल्या या मोजणीतून झाडी वजा केली, की जमिनीचे उंचवटे उघडे पडतात. २०२० च्या टाळेबंदीत एक्झिटर विद्यापीठाच्या मूठभर स्वयंसेवकांनी घरबसल्या अशीच चित्रे चाळली आणि टेमर नदीच्या खोऱ्यात रोमन रस्त्यांचे तुकडे, बांध घातलेल्या जुन्या वस्त्या हुडकल्या. खात्याची मूळ मोजणी झाली होती पूरनियंत्रणासारख्या कामांसाठी.

खुलेपणाने चोरांचे फावते, हा आक्षेप खोटा नाही. धातुशोधक घेऊन रात्री शेत उकरणारे तिथे आहेत, गुप्तधनासाठी खणणारे आपल्याकडेही आहेत. अशा मोजक्या जागांचा ठावठिकाणा मोघम ठेवता येतो. त्यासाठी सगळेच दप्तर कुलपात कशाला?

आपल्याकडे स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी आहे, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. आता हद्दच नकाशावर नीट नसेल तर टेप धरायचा कुठून? महालेखापालांनी १,६५५ स्मारके पाहिली, त्यांतली ९२ जागेवर मिळालीच नाहीत, असे २०१३ चा अहवाल सांगतो. काही पुढे सापडली, काही शहरांनी आणि धरणांनी गिळली.

सार्वजनिक पैशातून झालेली भूस्थानिक माहिती, गोपनीय भाग वगळून, भारतीयांना वापरू द्यावी, असे केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. कागद चांगला आहे. वारशापुरता तो अमलात आणायला महाराष्ट्राकडे आयतेच निमित्त आहे. २०२५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी अकरा इथले. नामांकनासाठी गाभा आणि भोवतालचा पट्टा नकाशावर आखावाच लागतो. त्या रेघा भूमी अभिलेखच्या गट नकाशावर चढवाव्यात आणि कुणालाही उतरवून घेता येतील अशा परवान्यासह प्रसिद्ध कराव्यात. शिवनेरीच्या पायथ्याशी घर बांधू पाहणाऱ्या जुन्नरकराला, आपला गट रेघेच्या आत की बाहेर, हे पाया खणण्याआधी आणि साहेबांच्या दारी खेटे न घालता कळले पाहिजे.