स्पर्धा परीक्षेच्या विरोधातले सर सय्यद

स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा जवळ आली की पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये मुस्लिम चळवळी आणि त्यांचे प्रवर्तक यांच्या जोड्या लावायची उजळणी सुरू होते. फरायझी–हाजी शरीयतुल्ला, देवबंद–नानौतवी, अलीगढ–सर सय्यद अहमद खान. पूर्वला एवढ्यावर निभावतं. मुख्य परीक्षेत मात्र हीच मुलं ‘अलीगढ पुरोगामी, देवबंद सनातनी’ असं लिहून मोकळी होतात आणि गुण गमावतात.

सर सय्यद यांचं काम मोठंच आहे. १८५७च्या उठावाची कारणं सांगताना, कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणूसच नव्हता, असं त्यांनी कंपनी सरकारची नोकरी केलेली असूनही लिहिलं. १८६४मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी, १८७५मध्ये अलीगढची शाळा. या उद्योगापायी त्यांच्यावर फतवे निघाले. नोट्समध्ये हे सगळं असतं.

नसतं ते १८८७चं लखनौचं भाषण. सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही घ्या, ही काँग्रेसची मागणी. सर सय्यद यांनी तिला कडाडून विरोध केला. परीक्षा कुळ बघत नाही; हलक्या कुळातला अधिकारी इथल्या खानदानी लोकांना चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय शिक्षणात पुढे गेलेले बंगाली सगळ्या जागा पटकावतील, ही भीती. भीती निराधार नव्हती. पण पहिला मुद्दा निव्वळ अशराफांचा, म्हणजे उच्चकुलीनांचा होता. (आणि आपण त्यांना परीक्षेसाठीच पाठ करतो!)

त्याच वर्षी डिसेंबरात मद्रासला काँग्रेसच्या अध्यक्षपदी होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. अंजुमन-इ-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, इंग्रजी शिक्षणाचे सर सय्यद यांच्याइतकेच कट्टर पुरस्कर्ते. शिक्षणाबाबत दोघं एका बाजूला, राजकारणात समोरासमोर. आणि ज्यांना आपण सनातनी म्हणून निकालात काढतो, त्या देवबंदच्या हुसैन अहमद मदनींनी पुढे फाळणीला ठाम विरोध केला. धर्मात जुन्या वळणाचा माणूस राजकारणात कुठे उभा राहील, हे त्या लेबलावरून कळत नाही.

तेव्हा मुख्य परीक्षेत सर सय्यद यांच्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना ‘पुरोगामी’ म्हणून थांबू नका. कोणत्या बाबतीत आणि कोणासाठी, तेही लिहा. लखनौचं ते भाषण इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहे. एक संध्याकाळ काढा आणि मुळातून वाचा.