परवान्यांचा मेळ

संगणकाची आज्ञावली कोणीही एकट्याने पायापासून रचीत नाही. पडद्यावर खिडकी उघडणे, मजकूर सांकेतिक करणे अशा कामांसाठी इतरांनी रचलेले तयार आज्ञासंच, म्हणजेच ‘लायब्ररी’, तीस जोडले जातात. असा संच विनामूल्य मिळतो, त्याची संहिता वाचता येते. तेव्हा तो कशाशीही जोडून वाटावा, अशी समजूत सर्रास आढळते. ती भ्रामक आहे.

१९९६ साली जर्मनीत मातियास एट्रिख यांनी ‘केडीई’ हा प्रकल्प आरंभिला. त्यातील बहुतेक आज्ञावली ‘जीपीएल’ परवान्याखाली होत्या. जोडणीतून सिद्ध झालेली संपूर्ण कृती त्याच अटींवर वाटावी, हा त्या परवान्याचा दंडक. परंतु त्यांना जोडलेली ‘क्यूटी’ ही नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची लायब्ररी सुधारून वाटण्यास तिच्या विनामूल्य परवान्यात मुभा नव्हती. दोन्ही वस्तू फुकट. एकत्र वाटल्या की अटीचा भंग! १९९७ साली ‘जीनोम’ हा प्रतिस्पर्धी प्रकल्प उभा राहिला, तर १९९८ साली ‘डेबियन’ने केडीईला आपल्या संग्रहातून वगळले. १९९९ मध्ये क्यूटीला मुक्त परवाना लाभला. तोही जीपीएलशी विसंगतच ठरला. अखेर २००० साली क्यूटी जीपीएलखाली आली, तेव्हा कोठे ही गाठ सुटली.

हा निव्वळ वकिली काथ्याकूट आहे, असे काहीजण म्हणतील. लेखकाने अपवाद मान्य केला की झाले, असाही युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. स्वतःच्या लेखनापुरता अपवाद लेखक करू शकतो. दुसऱ्याकडून घेतलेल्या भागावर त्याचा अधिकार चालत नाही. ज्याने आपले श्रम विशिष्ट अटीवर समाजास दिले, त्याची अट मोडणे म्हणजे त्या दानाचाच अव्हेर होय.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. ‘ओपनएसएसएल’ने २०२१ साली, तिसऱ्या आवृत्तीपासून, अपाची परवाना स्वीकारला. तो जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, केवळ दुसरीखाली असलेल्या कृतींशी मात्र नाही.

म्हणून संगणकाचे शिक्षण देणाऱ्यांनी आज्ञावली कशी जोडावी याबरोबरच परवाना कसा वाचावा हेही शिकविले पाहिजे. विद्यार्थ्यानेही नवा परवाना स्वतः रचण्याच्या मोहात न पडता, इतरांशी मेळ बसेल असा परिचित परवाना पहिल्याच दिवशी निवडावा. अनेक हातांचे लेखन एकत्र आल्यावर तो बदलणे म्हणजे प्रत्येकाच्या दारी संमतीसाठी जाणे होय. आणि त्यातील काही दारे तोवर कायमची बंद झालेली असतात.