आजची शिल्लक जुळली, म्हणून निर्धास्त राहू नका

घरच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर न्यावं का, असं मार्चअखेर जवळ आली की हमखास विचारलं जातं. माझं उत्तर होकारार्थी आहे. फक्त वर्षअखेरीच्या गडबडीत हे काम काढू नका, आणि जुन्या नोंदी जशाच्या तशा आल्यात हे तपासल्याशिवाय जुन्या फाइलला हात लावू नका. नवे आलेख, मोबाइलची जोडणी हे नंतरचं. घरच्या हिशेबाचं खरं मोल त्यातल्या जुन्या नोंदींत असतं.

2018च्या अर्थसंकल्पाने शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर आणला. त्याआधी घेतलेले शेअर आज विकले, तर मूळ खरेदीची किंमत आणि 31 जानेवारी 2018चा भाव, दोन्ही लागतात. 23 जुलै 2024पूर्वी घेतलेलं घर विकलं, तर इथल्या रहिवाशाला महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा तो लावून वीस टक्के, यांपैकी कमी बसेल तो कर भरता येतो. पण त्यासाठी तेव्हा भरलेली स्टॅम्प ड्यूटी आणि मागाहून काढलेल्या खोलीचा खर्च तारखेसकट सापडायला हवा.

आणि घोळ होतो तो नेमका तारखांचाच. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना बरेच जण क्यूआयएफ फाइल वापरतात. आधी दिवस की आधी महिना, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. नवं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं किंवा आपल्याला विचारतं, आणि आपण घाईत पुढचं बटण दाबतो. मग 03/04/2012, म्हणजे 3 एप्रिल, ही नोंद 4 मार्चला जाऊन बसते. आर्थिक वर्षच बदललं! 12 तारखेनंतरच्या नोंदींत अशी चूक लगेच उघडी पडते. पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी मात्र मुकाट्याने फिरतात. आजची शिल्लक तरीही पैशापैशाने जुळते, कारण रकमा त्याच असतात. म्हणून मागच्या प्रत्येक 31 मार्चची शिल्लक पासबुकाशी ताडून बघा. फंडांचे युनिटही स्टेटमेंटशी जुळवा. बोनस आणि स्प्लिटच्या नोंदी हटकून तपासा. खात्यांची नावं मराठीत असतील, तर ती प्रश्नचिन्हं होऊन आली नाहीत ना, हेही पाहा.

मी ग्नूकॅश या सॉफ्टवेअरच्या बाजूचा आहे. ते फुकट आहे म्हणून नव्हे. त्याची नेहमीची फाइल म्हणजे दाबून ठेवलेला साधा मजकूर असतो. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, तरी ती मोकळी करून वाचता येते. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने 2009मध्ये ‘मनी’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री थांबवली, इन्ट्यूटने मार्च 2024मध्ये तसंच ‘मिंट’ बंद केलं. दोन्ही कंपन्या बलाढ्य, तरीही ग्राहकांना बिऱ्हाड हलवावंच लागलं. वर्षाला वर्गणी घेणारं सॉफ्टवेअर घेत असाल, तर वर्गणी थांबल्यावर फाइल उघडणार का आणि नोंदी बाहेर काढता येणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. चाचणीच्या मुदतीतच दोन-चार वर्षांच्या नोंदी आत घालून त्या परत बाहेर काढून बघा. हे सगळं फाइलच्या प्रतीवर करा. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.