झोपलेला शिपाई आणि झोपलेला सेनापती

धागा : अमेरिकन यादवी युद्धात दोन माणसांना नको त्या वेळी झोप लागली. एकाला मृत्युदंड सुनावला गेला, दुसऱ्याची आख्यायिका झाली.

ऑगस्ट १८६१ची अखेर. वॉशिंग्टनजवळ, पोटोमॅक नदीवरील चेन ब्रिजच्या परिसरात व्हरमाँटच्या तिसऱ्या रेजिमेंटचा तळ होता. तेथे रात्रीच्या पहाऱ्यावरचा विल्यम स्कॉट हा तरुण शिपाई झोपलेला सापडला. आदल्या रात्री आजारी सोबत्याच्या बदली तोच पहाऱ्याला उभा होता, असे परंपरा सांगते. लष्करी न्यायालयाने त्याला गोळ्या घालून ठार करण्याची शिक्षा सुनावली.

शिक्षा अमलात आली नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या इच्छेचा हवाला देत जनरल मॅक्लेलन यांच्या नावाने माफीचा आदेश निघाला. (लिंकन स्वतः बग्गीतून वधस्थळी धावत आले, हा प्रसंग नंतरच्या काव्याची देणगी.) १६ एप्रिल १८६२ रोजी व्हर्जिनियात ली'ज मिल येथे स्कॉट लढताना मारला गेला.

अडीच महिन्यांनी त्याच व्हर्जिनियात, परंतु शत्रुपक्षात, दुसरा माणूस झोपी गेला. त्याचे नाव ‘स्टोनवॉल’ जॅक्सन.

जॅक्सनला थकव्याचे गणित कळत नव्हते, असे मुळीच नाही. तासातील पन्नास मिनिटे चालायचे आणि दहा मिनिटे विसावा घ्यायचा, हा शिरस्ता त्याने आपल्या सैन्याला घालून दिला होता. शेनान्डोआ खोऱ्यातील त्याच्या विलक्षण वेगवान हालचालींमागे हे शहाणपणही होते. स्वतःच्या देहाला मात्र त्याने तो नियम लावला नाही. जून १८६२मध्ये ली याच्या बैठकीसाठी तो सुमारे ८० किलोमीटरची घोडदौड करून आला, लगेच परतला, आणि पाठोपाठ ‘सात दिवसांच्या लढाया’ सुरू झाल्या. ३० जूनला व्हाइट ओक दलदलीपाशी, माघार घेणाऱ्या शत्रूवर तुटून पडायचे त्या दिवशी, हा तडफदार सेनानी जवळजवळ निष्क्रिय राहिला. दुपारी तो झाडाखाली झोपला. रात्रीच्या जेवणात तोंडात बिस्किट असतानाच त्याला डुलकी लागली. दुसऱ्या दिवशी, सावरलेल्या शत्रूवर मॅल्व्हर्न हिल येथे चढाई करताना ली याचे पाच हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्या निष्क्रियतेची अन्य कारणेही इतिहासकार देतात. पण थकवा कोणालाच वगळता आलेला नाही.

शिपायाची झोप हा गुन्हा आणि सेनापतीची झोप हा चरित्रातील हृद्य प्रसंग, ही वाटणी आजही अनेक युद्धवर्णनांत निमूटपणे स्वीकारलेली दिसते. वस्तुतः स्कॉटच्या डुलकीने कोणतीही लढाई हरली गेली नाही.

विसाव्या शतकाने शिक्षेला औषधाची जोड दिली. १९४०च्या एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्याला पेर्विटिन आणि तत्सम मेथॅम्फेटामिनच्या साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरवल्या गेल्या. ब्रिटिश आणि अमेरिकनांकडे बेन्झेड्रिन होते. निद्रेचे कर्ज गोळीने फिटत नाही, केवळ वसुली पुढे ढकलली जाते.

त्यानंतर आले मोजमाप. मनगटावर बांधलेले यंत्र हालचालींवरून झोपेचा अंदाज बांधू लागले. आता ते काम बोटातली अंगठीही करते. ही प्रगती खरीच आहे. प्रश्न आहे तो त्या आकड्यांचे पुढे काय होते, हा.

२०१७मध्ये अमेरिकी नौदलाच्या दोन विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या. जूनमध्ये जपानजवळ ‘फिट्झगेराल्ड’वरील ७ आणि ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅक्केन’वरील १० खलाशी मृत्युमुखी पडले. ‘मॅक्केन’च्या चौकशीत अपुरे प्रशिक्षण आणि वरिष्ठ पातळीवरील ढिली देखरेख हे मुख्य दोष ठरले, परंतु नियंत्रणकक्षातील कर्मचाऱ्यांना आधीच्या २४ तासांत सरासरी ४.९ तासच झोप मिळाली होती, हेही नोंदले गेले.

अधिक अस्वस्थ करणारा आकडा तीन वर्षे जुना होता. नौदलाच्याच २०१४च्या अंतर्गत अभ्यासात खलाशी आठवड्याला १०८ तास कामावर असल्याचे आढळले होते. नियमानुसार ते ८० असायला हवे होते. म्हणजे मोजमाप झाले होते, आकडा हाती होता, आणि पाळ्या तशाच चालू होत्या. शरीराच्या घड्याळाशी जुळणाऱ्या पाळ्यांचा आदेश निघाला तो अपघातांनंतर.

म्हणूनच अंगठीतला आलेख कोणाच्या टेबलावर जातो, हे यंत्राच्या अचूकतेपेक्षा महत्त्वाचे. तो खलाशाच्या सेवापुस्तकात ‘कमी झोपतो’ असा शेरा होऊन बसला, तर चेन ब्रिजवरचेच न्यायालय पुन्हा भरले असे समजावे. तो प्रथम पाळ्या लावणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावा, त्याखाली त्याची सही असावी. आणि आठवड्याला १०८ तास भरले, तर खुलासा त्याच्याकडे मागितला जावा.