पडद्याच्या मागच्या बाजूने

गणपतीत लालबाग-परळच्या गल्ल्यांत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्यामागे फतकल मारायचो. तिथून नावं उलटी दिसायची, बायकांचा पदर उजव्या खांद्यावर, नायकाचं पिस्तूल डाव्या हातात. पण थोड्याच वेळात हे उलटेपण जाणवेनासं व्हायचं. गोष्ट सरळच कळायची.

सिनेमा निम्मा पडद्यावर होतो, निम्मा बघणाऱ्याच्या मनात. याचा आपल्याकडचा थोर दाखला मुंबईतल्याच गिरगावातला आहे. तिथल्या तंबूतल्या थिएटरात दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू होता. फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या. त्यांनीच पुढे हे लिहून ठेवलं आहे. समोरच्या चित्रात त्यांनी आपल्या घरची गोष्ट पाहिली, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

फाळक्यांच्याच १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये नट अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच. चेहरा एकच, तरी प्रेक्षकांचं काही अडलं नाही. राम दिसताच लोक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. रशियात दिग्दर्शक कुलेशोव्हने नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. लोकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. आपल्या माणसांनी तर एकाच चेहऱ्यात राम-सीता दोघंही पाहिली होती.

अशा प्रेक्षकाला आज ‘पब्लिकला कळणार नाही’ म्हणून तीच गोष्ट आधी संवादातून, मग फ्लॅशबॅकमधून, वर गाण्यातून सांगतात. मला याचा संताप येतो. एकेकाळी गिरणीतून सुटून थेट खेळाला येणाऱ्यांच्या लालबाग-परळच्या वस्तीने समज कुणाकडून उसनी घेतलेली नाही. ती जास्तीची वाक्यं कापून टाका.

‘फँड्री’ चित्रपटाच्या शेवटी त्यातला जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. कुणी काही समजावत नाही. मी पाहिला तेव्हा शेजारच्या काकूंनी पर्स छातीशी घट्ट धरली होती. दिवे लागले तरी त्या उठल्या नाहीत. मग लेकीला हळूच म्हणाल्या, “आपल्यालाच मारला ना गं त्यानं?”