आधी वेलांटी, मग माय?

धुळ्यात परवा एका शिक्षक मेळाव्यात एका विद्वान वक्त्यांनी प्राथमिक शाळेतल्या लेखनाचा निकालच लावून टाकला. खानदेशातल्या पोरांना लिहिता येत नाही, कारण घरात अहिराणी. तेव्हा आधी बोली सोडवा, शुद्धलेखन घोटून घ्या, अक्षर वळणदार करा, चांगले निबंध पाठ करून घ्या. मग सातवी-आठवीत मूल आपोआप स्वतःचं लिहू लागेल. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांतले निम्मे तरी घरी अहिराणीतच भाकरी मागत असावेत.

अक्षराचं आधी उरकतो. वळणदार असलं तर छानच, पण सांगायचं काय ते त्यातून येत नाही. पाठ केलेल्या निबंधांचं म्हणाल, तर वर्गभर एकच मोर नाचतो. ज्याच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा मोर उकरून नेतात, त्याच्या वहीतही तोच राष्ट्रीय पक्षी पिसारा फुलवून उभा.

राहिलं शुद्धलेखन. पारोळ्याकडच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीची वही हाती आली. विषय ‘माझी आई’. तिनं लिहिलं होतं: ‘मनी माय सकायले कापूस येचाले गयी. तिले बोंडं टोचतस.’ जवळजवळ प्रत्येक शब्दाला लाल गोल, खाली शेरा, ‘शुद्ध लिहा’. पुढच्या पानावर तिनं मुकाट्यानं ‘आई म्हणजे प्रेमाचा सागर’ उतरवून काढलं होतं. त्याला ‘छान’ मिळालं. वाळलेल्या बोंडाची टोकं वेचणारीच्या बोटांत कशी घुसतात, हे या पोरीनं पाहिलं, ध्यानात ठेवलं आणि कागदावर आणलं. लेखन म्हणतात ते आणखी काय असतं? तिला शाळेत समजलं ते एवढंच, की आपल्या घरातलं काही वहीत आणायचं नाही.

आणि शुद्ध म्हणजे कधीचं शुद्ध? एकेकाळी ‘घरांत’ लिहिताना टिंब राहिलं की छडी बसे. १९६२च्या नियमांनी ते टिंबच काढून टाकलं, आता एकवचनात दिलं तर चूक. छड्या काही कुणी परत घेतल्या नाहीत. हा वाद जुन्या मंडळींशी मी पूर्वीही घातलेला आहे. दर वेळी उत्तर एकच येतं, ‘म्हणजे कसंही लिहायचं का?’ नाही हो. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचंच, पण दुरुस्त करायला आधी मुलाचा काही मजकूर तर हवा!

गंमत म्हणजे वक्त्यांनी समारोप केला तो कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव घेऊन. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बोलीत गात राहिल्या, त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. उतरवून घेणाऱ्यांनी ‘आधी बोली सोड’ म्हटलं असतं, तर वक्त्यांना समारोपाला दुसरं कुणी शोधावं लागलं असतं. खुद्द धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. बोलणं आधी आणि लेखणी मागून, हे या मुलखाला नवं नाही.

पहिली-दुसरीत तेवढंच करावं. मुलानं सांगावं, बाईंनी जसंच्या तसं फळ्यावर उतरवावं, त्यानं ते वाचून वहीत घ्यावं. तिसरीपासून स्वतः लिहावं, चुका एका वेळी एकाच जातीच्या दाखवाव्यात. मग तोच मजकूर कोल्हापूरच्या पोराला कळेल असा प्रमाण मराठीत पुन्हा लिहायला सांगावा. बोलीही राहते, प्रमाण भाषाही येते. निवडक लेखन भिंतीवर लावावं. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, आपल्याला आठवड्याचं एक पान जमायला हरकत नाही.

दोन शिक्षकांच्या शाळेत याला वेळ कुठून आणायचा, असं कुणी विचारील. वर्गभराचे ते मोर तपासणं थांबवलं, की बराच निघेल.