नको असेल तर वापरू नकोस!

आमच्या घरात चार माणसं जमली आणि जेवणं उरकली की वाद सुरू होतात. मुंज असो, केळवण असो, नाहीतर नुसती रविवारची मिसळ असो. पूर्वीचे विषय ठरलेले होते : इंदिराबाई, जनसंघ, आणि गावसकर मोठा की तेंडुलकर. हल्ली त्यात गूगल, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची भर पडली आहे. आवाज तेवढेच चढतात, फक्त बडीशेपेच्या जोडीला आता हातात फोन असतो.

आणि गंमत म्हणजे हे सगळे नवे वाद फिरून फिरून एकाच वाक्यापाशी येतात. ‘तुला नको असेल तर वापरू नकोस ना! तुझ्या दारी कुणी अक्षत घेऊन आलं होतं का?’

हे वाक्य आमच्या धाकट्या काकांचं. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि हा ब्लॉग नियमित वाचतात, त्यामुळे जे लिहायचं ते जपून लिहिते :-) पण मला त्या वाक्याबद्दल बरेच दिवस काहीतरी म्हणायचं होतं. तोंडी म्हणायला गेले की दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी ‘चहा टाका रे’ म्हणतं आणि राहून जातं. म्हणून लिहून काढते आहे.

आधी काकांची बाजू, कारण ती चांगली भक्कम आहे. ज्यांना आठवत असेल त्यांनी आठवून बघा. दिवाळी-पाडव्याला आणि एकतीस डिसेंबरला एसेमेसचं पॅक चालायचं नाही. त्याला मोबाइल कंपन्या ‘ब्लॅकआउट डे’ म्हणायच्या. ज्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नेमक्या त्याच दिवशी प्रत्येक शुभेच्छेचे वेगळे पैसे! अमेरिकेतल्या बहिणीशी बोलायचं तर ती तिकडून कॉलिंग कार्ड घ्यायची, आणि अर्धी मिनिटं ‘हॅलो, ऐकू येतंय का’मध्येच जायची. मग हे व्हॉट्सअ‍ॅप आलं. २००९ साली निघालेली छोटी कंपनी, सुरुवातीला वर्षाला एक डॉलर घेईन म्हणायची, २०१६ मध्ये तोही सोडून दिला. आज माझी आई रोज रात्री नातवाचा चेहरा बघून झोपते आणि त्याचं वेगळं बिल येत नाही. काका म्हणतात, ‘एवढं फुकट देतात, वर तुमच्या अटी कशाला?’ या प्रश्नात दम आहे, तो मी नाकारत नाही.

पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. २०१४ साली फेसबुकनं ती कंपनी एकोणीस अब्ज डॉलरला घेतली. जी वस्तू फुकट वाटायची तिच्यासाठी एवढे पैसे कोण मोजतो, हा प्रश्न खरं तर बँकेतल्या माणसाला आधी पडायला हवा, असं मी काकांना म्हटलं होतं. त्यावर त्यांनी चष्मा पुसला. (काका, पुसला होतात!) कंपनी सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, ब्रायन अ‍ॅक्टन, २०१७ मध्ये बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी त्यानं स्वतःचे पाच कोटी डॉलर ‘सिग्नल’ या दुसऱ्या अ‍ॅपच्या संस्थेत घातले. ज्यानं स्वयंपाक केला तोच ताटावरून उठला म्हणायचं!

असो. खरा वाद पेटला तो जानेवारी २०२१ मध्ये. सगळ्यांच्या फोनवर ती सूचना आली होती : नव्या अटी मान्य करा, ८ फेब्रुवारीपर्यंत. बराच गदारोळ झाल्यावर ती तारीख १५ मेपर्यंत पुढे गेली. आमच्या घरात तेव्हा सरळ दोन तट पडले. आयटीतला माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘निरोप वाचता येत नाहीतच त्यांना, उगाच घाबरू नका.’ ते बरोबरच होतं. पण निरोप वाचणं वेगळं आणि तुम्ही कुणाशी, केव्हा, किती बोलता याची नोंद ठेवणं वेगळं. पोस्टमननं पाकीट फोडलं नाही, तरी कुठल्या घरी कुणाची पत्रं येतात हे त्याला ठाऊक असतंच की.

तर आम्ही काकांचं वाक्य प्रमाण मानलं आणि सोडून बघितलं. कुटुंबाचा ग्रुप सिग्नलवर काढला. सत्तावीस जणांपैकी नऊ आले. त्यातल्या चौघांनी ‘हॅलो’ केलं, आत्यानं एक फूल पाठवलं, आणि दोन आठवड्यांत तिथे शुकशुकाट झाला. कुणाचा विरोध होता म्हणून नव्हे. मुलांच्या शाळेचा ग्रुप इकडे, सोसायटीचा इकडे, पोळीवाल्या मावशी इकडे, विम्याचा एजंट इकडे. मग फक्त आमच्यासाठी दुसरं दुकान उघडून कोण बसणार?

आता इथेच माझा मुद्दा आहे. ‘नको असेल तर घेऊ नका’ हे पावभाजीच्या गाडीला लागू पडतं. गाडी आवडली नाही, पुढच्या गाडीवर गेलं, पोट तितकंच भरतं. मी गेल्या वर्षी एक वर्तमानपत्र बंद केलं. पेपरवाल्याला एक फोन, संपलं काम. शेजारी तोच पेपर घेतात म्हणून माझं काही अडलं नाही. पण जिथे वस्तूची सगळी किंमतच ‘बाकीचे सगळे तिथे आहेत’ यात आहे, तिथे सोडून जायचं म्हणजे वस्तू सोडायची नसतेच, माणसं सोडायची असतात. कंपनीला हे पक्कं माहीत असतं. म्हणूनच ‘मान्य करा नाहीतर जा’ म्हणायला तिला काही वाटत नाही.

आणि हे काही आभाळातून पडलेलं नाही, बरं का. पूर्वी मोबाइल कंपनी बदलली की नंबर जायचा. नंबर जायचा म्हणून लोक वाईट सेवा सोसायचे. मग ट्रायनं नियम केला, जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाला, आणि तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता यायला लागलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की ‘नंबर कंपनीचा आहे, नको असेल तर मोबाइल वापरू नका.’ ईमेलचंही तसंच, जीमेलवरून याहूला पत्र जातंच. आणि सगळ्यात झकास उदाहरण तर आपल्या भाजीवालीकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं आहे! २०१६ साली यूपीआय आलं. माझं अ‍ॅप एका कंपनीचं, तिचं दुसऱ्या कंपनीचं, बँका तिसऱ्या-चौथ्या. मेथीच्या जुडीचे पैसे बिनबोभाट पोचतात. उद्या मला माझं अ‍ॅप आवडेनासं झालं तर मी ते काढून टाकीन आणि भाजीवालीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ‘नको असेल तर वापरू नका’ हे वाक्य खरं व्हायला लागतं ते अशा ठिकाणी. पण ती सोय कंपन्यांनी मनाच्या मोठेपणानं दिलेली नाही. पैसे सगळीकडे जातील अशी रचना आधी केली गेली, कंपन्या मागून आल्या.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलला निरोप का जाऊ नये? चुलतभाऊ म्हणतो, ते तितकं सोपं नाही, दोन अ‍ॅप जोडली की निरोपाची गुप्तता सांभाळणं अवघड होतं, नको त्यांचे निरोपही घुसतात. असेल. तो त्यातला आहे, मी नाही. पण युरोपनं २०२२ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना हे करायला लावलं, आणि २०२५ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपनं तिकडे दुसऱ्या एक-दोन छोट्या अ‍ॅपशी निरोपांची देवाणघेवाण सुरूही केली. म्हणजे अवघड आहे, अशक्य नाही. २०२१ च्या त्या अटींचंही तेच. माझा मामेभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या आणि माझ्या फोनमध्ये अ‍ॅप एकच, पण माहिती फेसबुकला देण्याच्या बाबतीत युरोपातल्या लोकांसाठी मजकूर वेगळा होता, कारण तिथला कायदा आडवा आला. त्यानं काही सोडलं नव्हतं, नुसता तिथे राहत होता. आपल्याकडे स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या अटींबद्दल कंपनीला २१३ कोटींचा दंड केला. ‘घ्या नाहीतर सोडा’ हा पर्याय पर्याय नव्हेच, असं आयोगाचं म्हणणं. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. दंड किती मोठा आहे ते एकोणीस अब्जांशी ताडून बघा आणि हसा.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुला सगळं सरकारच्या हाती द्यायचंय! तर नाही. त्याच २०२१ साली सरकारनं नियम केले, की एखादा निरोप सर्वांत आधी कुणी पाठवला ते मागितल्यावर सांगता आलं पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्या भांडणात मी कंपनीच्या बाजूची आहे, अगदी ठामपणे. दार उघडं ठेवा असा नियम करणं आणि दाराला कान लावणं, यांतला फरक आपल्याला कळतो की.

राजकारणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. हेच वाक्य थोडा वेष बदलून तिथेही येतं. ‘आवडत नसेल तर देश सोडा.’ हे म्हणणारे आमच्याकडे आहेत. आणि त्यांच्यावर तुटून पडणारी आमची दुसरी मंडळी, महापालिकेच्या शाळांची दुर्दशा निघाली की म्हणतात, ‘मग खासगीत घाला ना मुलांना.’ दोघांचं म्हणणं एकच. बोलू नका, उठा. आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७० साली यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याला नायजेरियात एक कोडं पडलं होतं. ट्रकची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत का नव्हती? त्याचं उत्तर असं, की ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला वठणीवर आणलं असतं, तेच आधी ट्रककडे निघून गेले. मागे राहिले ते न बोलणारे. महापालिकेच्या शाळेचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बोलणारे पालक निघून गेले आणि शाळेबद्दल वॉर्ड ऑफिसात भांडायला मागे कोण उरलं?

म्हणून मला ‘सोडून जा’ हा सल्ला नुसता उद्धट वाटत नाही, महागही वाटतो. जाणाऱ्यालाही आणि राहणाऱ्यांनाही.

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट. तळमजल्यावर एक आजोबा राहतात, वय ब्याऐंशी, एकटेच. फोन बटणांचा. दिवाळीच्या आधी टाकी धुवायची होती, पाणी दीड दिवस बंद. सूचना ग्रुपवर आली, आम्ही सगळ्यांनी बादल्या भरून ठेवल्या, वर अंगठेही दाखवले. आजोबांना सकाळी नळ सोडल्यावर कळलं. मी आणि समोरच्या वहिनींनी चार बादल्या नेऊन दिल्या ते सोडा. पण नंतर त्यांनी कमिटीतल्या एकाला विचारलं, की बाबा रे, मला का नाही सांगितलंत? त्यावर उत्तर काय मिळालं असेल? ‘आजोबा, सगळे वापरतात, तुम्हीही घ्या ना एक स्मार्टफोन! स्वस्त झालेत हल्ली.’

बघा हं. मला नको होतं तेव्हा ‘वापरू नकोस’, आणि ते खरंच वापरत नाहीत तर त्यांना ‘वापरा’. काका, हे तुमच्यासाठी लिहिलंय. ज्या माणसानं तुमचं वाक्य अक्षरशः पाळलं, त्याला दीड दिवस पाणी मिळालं नाही.

मी कमिटीला लेखी अर्ज दिला, की पाणी, वीज, लिफ्ट आणि सभा या चार गोष्टींची सूचना ग्रुपखेरीज लिफ्टजवळच्या फळ्यावरही लागावी. फळ्यावर अजून २०१९ चा झुरळांच्या औषधफवारणीचा कागद आहे. सेक्रेटरी म्हणाले, ‘कागद कोण वाचतं आता?’ मी म्हटलं, एक माणूस वाचतो, आणि मेन्टेनन्स तोही भरतो. अर्ज पुढच्या महिन्याच्या वार्षिक सभेत चर्चेला घेतलाय.

सभेची सूचना ग्रुपवर आली. आजोबांसाठी मी तिचा प्रिंट काढून त्यांच्या हातात दिलाय.